जीस्ट्रीमर: पॅडवरून वरच्या बिनपर्यंत जाताना प्रोग्रॅम का कोसळतो आणि मेमरी का वाढते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जीस्ट्रीमर या मल्टिमीडिया फ्रेमवर्कमधल्या एका पाइपलाइनमध्ये टी, म्हणजे एकच प्रवाह अनेकांना वाटणारा एलिमेंट, आहे. नवा प्रेक्षक आला की त्याच्यासाठी क्यू, एन्कोडर आणि सिंक असलेली एक बिन (एलिमेंट एकत्र ठेवणारा डबा) बनते आणि टीच्या नव्या सोर्स पॅडला (प्रवाह बाहेर पडायच्या तोंडाला) जोडली जाते. प्रेक्षक गेला की ती बिन काढून टाकली जाते. टीच्या प्रत्येक सोर्स पॅडवर प्रोब (पॅडवरून जाणारा डेटा बघणारा कॉलबॅक) लावलेला आहे आणि हा बफर कोणत्या प्रेक्षकाच्या बिनमध्ये चालला आहे, हे प्रोबच्या कॉलबॅकमध्ये शोधायचं आहे. त्यासाठी लिहिलेली ओळ अशी (फंक्शनांच्या नावांआधीचं ‘जीएसटी’ इथे आणि पुढेही गाळलं आहे):

वरची = एलिमेंट_गेट_पॅरेंट(पॅड_गेट_पॅरेंट(पॅड_गेट_पीअर(पॅड)))

पीअर म्हणजे पॅडला पलीकडून जोडलेलं पॅड, पॅरेंट म्हणजे ती वस्तू ज्याच्या आत आहे तो. या ओळीतून हवी ती बिन मिळत नाही, पाइपलाइनच हाती येते. शिवाय प्रेक्षक गेले तरी मेमरी खाली येत नाही. मग कुणाच्या तरी सल्ल्याने फंक्शनांच्या जागी मॅक्रो घातले, तेव्हा मेमरी आटोक्यात आली, पण प्रेक्षक जाताना अधूनमधून सेगमेंटेशन फॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावल्याने होणारा क्रॅश) येऊ लागला.

या तक्रारी तीन दिसतात, पण मूळ एकच आहे. पॅडवरून वर चढण्याच्या या शिडीच्या प्रत्येक पायरीवर तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: हातात आलेला पॉइंटर किती वेळ जिवंत राहील याची हमी कोण देतं, तो नल, म्हणजे रिकामा, येऊ शकतो का, आणि तो नक्की कुठल्या प्रकारच्या ऑब्जेक्टचा आहे. तीन फंक्शनं एकात एक घातली की यातलं काहीच तपासायला जागा उरत नाही.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. पाइपलाइन एकदा उभी राहिली की प्रोग्रॅम संपेपर्यंत तिच्यात काही जोडलं-तोडलं जाणार नसेल, तर मॅक्रो वापरूनही काही बिघडत नाही, कारण प्रत्येक मुलाला त्याच्या बिनने धरून ठेवलेलं असतं आणि सर्वांत वरच्या पाइपलाइनला तुम्ही. अशा प्रोग्रॅममध्ये वर्षानुवर्षं असा कोड सुखाने चालतो, आणि म्हणूनच तो नमुना म्हणून इकडून तिकडे फिरत राहतो. तुमची पाइपलाइन मात्र चालू असताना बदलते. खालचं बहुतेक विवेचन सी भाषेसाठी आहे. पायथनमध्ये रेफरन्सची, म्हणजे वस्तू किती जणांनी धरली आहे याची, मोजदाद बाइंडिंग करतं, रस्टमध्ये टाइप सिस्टीम करते. पण नल किंवा ‘नन’ येण्याची शक्यता, थ्रेडचे प्रश्न आणि एकमेकांना धरून बसलेल्या ऑब्जेक्टांची वर्तुळं दोन्हीकडे तशीच राहतात.

मालकी खाली जाते, वर येत नाही

बिन आपल्या मुलांचा रेफरन्स धरते. मूल मात्र आपल्या पॅरेंटचा रेफरन्स धरत नाही, त्याच्याकडे पॅरेंटचा फक्त पत्ता असतो. हे जाणीवपूर्वक तसं केलेलं आहे. दोघांनी एकमेकांना धरलं असतं तर कुणाचाच काउंट शून्यावर आला नसता. परिणाम असा की खाली जाणं तुलनेने सुरक्षित असतं, कारण बिन हातात आहे तोवर तिची मुलं बिनच सांभाळते (दुसऱ्या कुणी ती काढली नाहीत तर). वर जाणं जोखमीचं, कारण मूल हातात असण्याचा अर्थ पॅरेंट जिवंत आहे असा मुळीच होत नाही.

एकाच माहितीपर्यंत पोचायचे दोन रस्ते आहेत, ते यासाठीच. ऑब्जेक्ट_गेट_पॅरेंट हे फंक्शन मुलाचं ऑब्जेक्ट लॉक घेतं, पॅरेंटचा पॉइंटर वाचतं, लॉक हातात असतानाच त्याचा रेफरन्स एकने वाढवतं आणि मग लॉक सोडतं. म्हणून परत आलेला पॅरेंट तुम्ही अनरेफ करेपर्यंत, म्हणजे रेफरन्स सोडेपर्यंत, मेमरीत राहणारच. ऑब्जेक्ट_पॅरेंट हा मॅक्रो मात्र स्ट्रक्चरमधली ती जागा नुसती वाचतो. लॉक नाही, रेफरन्स नाही. पॅड_गेट_पीअर हे फंक्शन आणि पॅड_पीअर हा मॅक्रो यांच्यातही हाच फरक आहे. पहिल्या प्रकारात अनरेफ करायला विसरलात तर लीक (मेमरी मोकळीच होत नाही), दुसऱ्या प्रकारात दुसऱ्या थ्रेडने त्याच क्षणी ती वस्तू मोडली तर क्रॅश. तुम्ही पहिल्याकडून दुसऱ्याकडे गेलात आणि तेच झालं.

इथे क्रॅश कसा होतो ते जवळून बघू. प्रोब टीच्या सोर्स पॅडवर आहे आणि कॉलबॅक टीच्या स्ट्रीमिंग थ्रेडवर चालतो. मुख्य थ्रेड प्रेक्षकाची बिन नल स्थितीत (पूर्ण बंद अवस्थेत) नेतो, तेव्हा त्या बिनची पॅड्स बंद करण्यासाठी त्या पॅड्सची स्ट्रीम लॉक्स घेतली जातात. पण तुमचा कॉलबॅक अजून पलीकडच्या सिंक पॅडमध्ये शिरलेलाच नाही, तो अलीकडच्या सोर्स पॅडवर आहे. म्हणजे मुख्य थ्रेडला अडवणारं काहीच नाही. तो बिन बंद करतो, पाइपलाइनमधून काढतो, तिचा शेवटचा रेफरन्स सुटतो आणि ती नष्ट होते. इकडे तुमच्या कॉलबॅकने मॅक्रोने पीअरचा पत्ता वाचलेला असतो आणि पुढच्या ओळीत त्या पत्त्यावरून पॅरेंट वाचायला तो जातो. मधला वेळ मायक्रोसेकंदांचा असतो, म्हणून हे अधूनमधूनच घडतं आणि डीबगर लावला की बहुधा घडतच नाही.

मेमरीचं गणित

एकात एक घातलेल्या त्या ओळीत तीन रेफरन्स मिळतात: पीअर पॅडचा, त्याच्या पॅरेंटचा आणि त्या पॅरेंटच्या पॅरेंटचा. पहिल्या दोघांना नावच दिलेलं नाही, त्यामुळे ते सोडायची सोयच उरत नाही. सेकंदाला ३० फ्रेम असतील आणि तिसराही सोडला नाही तर दर सेकंदाला ९० रेफरन्स वाऱ्यावर सुटतात.

नुसता रेफरन्स सुटल्याने मेमरी वाढत नाही, हेही लक्षात घ्या. काउंट हा एक पूर्णांक आहे, तो वाढला तरी बाइट तेवढेच लागतात. पाइपलाइन तासन्‌तास चालली तरी आलेख सपाट दिसतो. प्रेक्षक गेला की मात्र त्याच्या बिनचा काउंट शून्यावर येत नाही आणि बिन, तिच्यातला क्यू, एन्कोडर, त्यांची पॅड्स सगळं तसंच पडून राहतं. म्हणून तुमचा आलेख वेळेबरोबर न चढता प्रेक्षक जाण्याबरोबर पायरी-पायरीने चढतो. असा आलेख दिसला की बफर तपासत बसू नका, सरळ ऑब्जेक्टांचे रेफरन्स तपासा.

कुठल्या फंक्शनचा रेफरन्स तुम्ही सोडायचा, हे पाठ करण्याची गरज नाही. प्रत्येक फंक्शनच्या नोंदीत ‘ट्रान्सफर फुल’, ‘ट्रान्सफर नन’ किंवा ‘ट्रान्सफर फ्लोटिंग’ असं लिहिलेलं असतं. या विषयातली नेहमीची मंडळी अशी: गेट_पॅरेंट, पॅड_गेट_पॅरेंट_एलिमेंट, पॅड_गेट_पीअर, एलिमेंट_गेट_स्टॅटिक_पॅड, घोस्ट_पॅड_गेट_टार्गेट, प्रॉक्सी_पॅड_गेट_इंटर्नल, बिन_गेट_बाय_नेम आणि एलिमेंट_गेट_बस ही सगळी फुल, म्हणजे अनरेफ तुमच्याकडे. एलिमेंट_गेट_फॅक्टरी नन, म्हणजे अनरेफ करायचं नाही. मेसेजचा सोर्स देणारा मॅक्रोही उसना पॉइंटर देतो, तो मेसेज जिवंत आहे तोवरच धरायचा. कॉलबॅकला मिळालेली पॅड आणि एलिमेंट ही आर्ग्युमेंटंही उसनीच. कॉलबॅक संपल्यावर लागणार असतील तर स्वतः रेफ करा. ऑब्जेक्ट_गेट_नेम मात्र स्ट्रिंगची प्रत देतं, ती जी_फ्रीने सोडायची. तिथे अनरेफ चालत नाही.

फॅक्टरीतून नुकताच बनवलेला एलिमेंट फ्लोटिंग रेफरन्स घेऊन येतो आणि बिन_अ‍ॅड तो रेफरन्स स्वतःकडे घेते. म्हणून बिनमध्ये घातलेल्या एलिमेंटवर नंतर सहज म्हणून अनरेफ केलं, तर तुम्ही बिनचा रेफरन्स मोडता. तेव्हा ‘ऑब्जेक्टला अजून पॅरेंट आहे आणि तुम्ही तो नष्ट करताय’ अशा अर्थाचा क्रिटिकल इशारा टर्मिनलवर येतो. तो आला की कुठेतरी एक अनरेफ जास्त झालं, एवढं नक्की समजा.

बिनऐवजी पाइपलाइन का मिळाली?

इथे घोस्ट पॅड समजून घ्यावं लागतं. एका बिनच्या आतलं पॅड थेट बाहेरच्या पॅडला जोडता येत नाही. लिंक करताना फ्रेमवर्क ते तपासतं आणि चुकीची हायरार्की म्हणून नाकारतं. म्हणून बिनवर घोस्ट पॅड, म्हणजे आतल्या पॅडचं बाहेर दिसणारं प्रतिरूप, लावावं लागतं. तुमच्या रचनेत टीच्या सोर्स पॅडचा पीअर क्यूचं सिंक पॅड नाहीच, तो बिनचं घोस्ट पॅड आहे. घोस्ट पॅडचा पॅरेंट खुद्द बिन. तिचा पॅरेंट पाइपलाइन. तुम्ही मनात क्यू धरून दोन पायऱ्या चढलात, पण प्रत्यक्षात सुरुवात एक पायरी वरून झाली होती.

घोस्ट पॅडच्या पोटात आणखी एक पॅड असतं, प्रॉक्सी पॅड. बाहेरचं जग घोस्ट पॅडशी जोडलेलं असतं आणि आतल्या एलिमेंटचं पॅड त्या प्रॉक्सी पॅडशी. प्रॉक्सी पॅडचा पॅरेंट एलिमेंट नसतो, घोस्ट पॅड हाच त्याचा पॅरेंट असतो. त्यामुळे बिनच्या आतल्या क्यूच्या सिंक पॅडवरून पीअर घेतला आणि त्याच्या पॅरेंटला डोळे मिटून एलिमेंट म्हणून कास्ट केलं, तर हातात पॅड असतं आणि कोड त्याला एलिमेंट समजून चालतो. तपासणी करणारा कास्ट मॅक्रो निदान इशारा तरी देतो. नावात शेवटी ‘कास्ट’ असलेला वेगवान मॅक्रो काहीच तपासत नाही, त्यामुळे चूक तिथे न दिसता भलतीकडे फुटते.

यावर साधा उपाय म्हणजे पॅड_गेट_पॅरेंट न वापरता पॅड_गेट_पॅरेंट_एलिमेंट वापरायचं. पॅरेंट एलिमेंट नसेल तर ते नल देतं, आणि नल तपासणं सोपं असतं.

प्रवाहाच्या उलट दिशेने, बिनच्या भिंती ओलांडत, खरा मागचा एलिमेंट शोधायचा असेल तर क्रम असा ठेवा:

फेरी सुरू, हातात एक सिंक पॅड (स्वतः रेफ केलेलं)
    पीअर = पॅड_गेट_पीअर(पॅड); पॅड अनरेफ
    पीअर नल असेल: काही जोडलेलं नाही, नल परत द्या
    जोवर पीअर घोस्ट पॅड आहे: टार्गेट घ्या, पीअर अनरेफ, पीअर = टार्गेट; टार्गेट नल असेल तर नल परत द्या
    पीअर प्रॉक्सी पॅड असेल: पॅड = प्रॉक्सी_पॅड_गेट_इंटर्नल(पीअर), पीअर अनरेफ; पॅड नल असेल तर नल परत द्या, नाहीतर पुन्हा फेरी
    नाहीतर: पॅरेंट एलिमेंट घ्या, पीअर अनरेफ, एलिमेंट परत द्या

पीअर घोस्ट निघाला म्हणजे आपण एखाद्या बिनच्या बाहेर उभे राहून आत जातोय. बिनमध्ये बिन असेल तर टार्गेटही घोस्टच निघतं, म्हणून तिथे आतली छोटी फेरी. पीअर नुसता प्रॉक्सी निघाला म्हणजे आपण आतून बाहेर पडतोय. त्याचं इंटर्नल घेतलं की घोस्ट पॅड मिळतं आणि पुढचा पीअर त्याचा विचारायचा. या दोन तपासण्यांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. घोस्ट पॅडचा टाइप प्रॉक्सी पॅडपासूनच निघालेला आहे, त्यामुळे ‘प्रॉक्सी आहे का’ या प्रश्नाला घोस्ट पॅडही होच म्हणतं. प्रॉक्सीची तपासणी आधी लावली तर घोस्ट पॅडही तिच्यातच पकडलं जातं आणि घोस्टची वेगळी तपासणी कधी चालतच नाही.

शेवटी मिळालेला एलिमेंटही नल असू शकतो. पीअर घेतला आणि त्याचा पॅरेंट विचारला, या दोहोंच्या मध्ये दुसऱ्या थ्रेडने तो एलिमेंट मोडला असेल, तर रेफरन्समुळे पॅड मेमरीत असतं पण पोरकं असतं. रेफरन्स मेमरीची हमी देतो. रचना तशीच राहिली आहे याची हमी तो देत नाही. म्हणून मिळालेलं उत्तर त्या क्षणापुरतं खरं माना आणि त्यावर लगेच जो निर्णय घ्यायचा तो घ्या.

सरळ वर, सर्वांत वरच्या पाइपलाइनपर्यंत जायचं असेल तर याहून सोपं आहे:

चालू = ऑब्जेक्ट_रेफ(सुरुवात)
जोवर पॅरेंट = ऑब्जेक्ट_गेट_पॅरेंट(चालू) नल नाही:
    ऑब्जेक्ट_अनरेफ(चालू)
    चालू = पॅरेंट
चालू परत द्या

आधी पॅरेंट घ्यायचा, मगच खालचा सोडायचा. सुरुवातीलाही रेफ करायचं, म्हणजे फेरीतल्या प्रत्येक अनरेफला जोडीदार मिळतो आणि परत मिळणारी वस्तू नेहमी फुलच असते, सुरुवातीचाच ऑब्जेक्ट परत मिळाला तरीही. ‘हा एलिमेंट त्या बिनच्या आत कुठेतरी आहे का’ एवढंच विचारायचं असेल तर ही फेरीही नको. जीस्ट्रीमर १.६ पासून ऑब्जेक्ट_हॅज_अ‍ॅझ_अ‍ॅन्सेस्टर आहे आणि रेफरन्स-लॉकचं सगळं ते आतल्या आत सांभाळतं. बसवर (एलिमेंटचे मेसेज प्रोग्रॅमपर्यंत आणणाऱ्या मार्गावर) एरर मेसेज आला आणि तो कोणत्या प्रेक्षकाच्या बिनमधून आला हे हवं असेल, तर मेसेजचा सोर्स आणि प्रत्येक बिन अशी जोडी याला द्यायची. मेसेज मुख्य थ्रेडवर पोचेपर्यंत ती बिन काढली गेली असेल तर उत्तर नकारार्थी येईल, आणि ते बरोबरच आहे.

खाली उतरताना

नावाने शोधण्यात एक खोच आहे. नाव एका पॅरेंटच्या मुलांपुरतंच वेगळं असावं लागतं. प्रत्येक प्रेक्षकाच्या बिनमध्ये ‘एन्कोडर’ नावाचा एलिमेंट असू शकतो. बिन_गेट_बाय_नेम आतल्या बिनमध्येही उतरतं, त्यामुळे पाइपलाइनवर ते चालवलं तर कुठल्या तरी एका प्रेक्षकाचा एन्कोडर मिळेल आणि बिटरेट चुकीच्या माणसाचा बदलेल. शोध नेहमी त्या प्रेक्षकाच्या बिनवर चालवा. फ्रेमवर्कने आपोआप दिलेल्या, शेवटी आकडा असलेल्या नावांवर तर अजिबात विसंबू नका, कारण तो आकडा प्रोसेसमध्ये त्या प्रकारचे किती एलिमेंट आधी बनले यावर ठरतो.

सगळी मुलं फिरून बघायची असतील तर बिनची मुलांची यादी थेट वाचू नका, एकेक मूल हाती देणारा इटरेटर घ्या. इटरेटरच्या पुढच्या पावलाला चार उत्तरं असतात: ओके, डन, एरर आणि रीसिंक. बहुतेक कोडमध्ये ओके आणि डन एवढेच हाताळलेले दिसतात. रीसिंकचा अर्थ, तुम्ही फिरत असताना यादी बदलली. तेव्हा इटरेटर_रीसिंक बोलवून पहिल्यापासून सुरुवात करायची, पण त्याआधी तोवर केलेलं काम पुसायचं. मोजत असाल तर मोजणी शून्यावर, यादी भरत असाल तर तिच्यातले रेफरन्स सोडून ती रिकामी. हे न केल्यास काही मुलं दोनदा मोजली जातात. रीसिंक हाताळलाच नाही आणि फेरी डनची वाट बघत राहिली, तर थ्रेड तिथेच गोल फिरत राहतो आणि एक सीपीयू कोअर शंभर टक्के दिसतो. ओके आल्यावर मिळणाऱ्या जीव्हॅल्यूमध्ये मुलाचा रेफरन्स असतो. प्रत्येक फेरीत ती रीसेट करा, शेवटी अनसेट करा आणि इटरेटर फ्री करा. नुसती पॅड्स फिरायची असतील तर १.१४ पासून एलिमेंट_फॉरईच_पॅड आहे, ते वापरलं की यातलं बरंच काम वाचतं.

लॉक आणि थ्रेड

ऑब्जेक्ट लॉक पुन्हा घेता येणारं नाही. एखाद्या पॅडचं लॉक तुम्ही हातात धरलं आणि त्याच पॅडवर गेट_पॅरेंट, गेट_पीअर किंवा गेट_नेम बोलावलं, तर ते फंक्शन तेच लॉक मागतं आणि थ्रेड स्वतःचीच वाट बघत कायमचा अडकतो. लॉक धरलंच असेल तर आत मॅक्रो वाचायचा, लगेच रेफ करायचं, लॉक सोडायचं. मॅक्रो खरोखर याच कामासाठी आहेत. स्वतःचं लॉक धरून दुसऱ्याच्या कोडला, म्हणजे सिग्नलला किंवा कॉलबॅकला, हाक मारू नका.

दुसरी गोष्ट रेफरन्स कुठे सुटतो याची. कॉलबॅकमध्ये तुम्ही बिनचा रेफरन्स घेतला, त्याच वेळी मुख्य थ्रेडने ती काढली, तर शेवटचा मालक तुम्ही ठरता आणि तुमच्या अनरेफवर ती बिन स्ट्रीमिंग थ्रेडवर नष्ट होते. ती आधीच नल स्थितीत असेल तर बहुधा काही होत नाही. नसेल तर ‘एलिमेंट नल स्थितीत नसताना नष्ट केला जातोय’ हा क्रिटिकल इशारा येतो. म्हणून बिन_रिमूव्हआधी नल स्थिती. आणि नल स्थितीत नेण्याचं काम त्या एलिमेंटच्या स्वतःच्या स्ट्रीमिंग थ्रेडवरून करायचं नाही. तो थ्रेड स्वतःच्या संपण्याची वाट बघू लागतो. १.१० पासून एलिमेंट_कॉल_असिंक आहे, ते काम दुसऱ्या थ्रेडवर ढकलतं. बसवर मेसेज टाकून मुख्य थ्रेडला सांगितलं तरी चालतं.

तुमच्या प्रेक्षकासाठी काढण्याचा क्रम असा: टीच्या त्या सोर्स पॅडवर आयडल किंवा ब्लॉक करणारा प्रोब लावा, तो लागला की सोर्स पॅड घोस्ट पॅडपासून सोडवा, पुढचं काम दुसऱ्या थ्रेडवर द्या. तिथे बिनची स्थिती लॉक करा, म्हणजे पाइपलाइनची स्थिती बदलताना ती पुन्हा चालू होणार नाही. मग बिन नल स्थितीत न्या, हा बदल लगेच पूर्ण होतो, त्याची वाट बघावी लागत नाही. मग पाइपलाइनमधून काढा. शेवटी टीचं रिक्वेस्ट पॅड (मागून घेतलेलं ते सोर्स पॅड) परत द्या आणि ते घेताना मिळालेला रेफरन्स सोडा. परत देणं आणि अनरेफ ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्ही लागतात. सिंक फाइल लिहीत असेल आणि शेवटी हेडर पूर्ण करायचं असेल, तर नल स्थितीआधी बिनमध्ये ईओएस (प्रवाह संपल्याची खूण) पाठवून तो सिंकपर्यंत पोचेपर्यंत थांबावं लागेल.

मुळात चढायचंच कशाला?

तुमच्या गरजेसाठी मी वरच्या फेऱ्यांपैकी एकही लिहिणार नाही. प्रोब लावताना हे पॅड कोणत्या प्रेक्षकाचं आहे हे तुम्हाला माहीत असतंच. पॅड_अ‍ॅड_प्रोबला यूझर डेटा देता येतो आणि तो सोडायचं फंक्शनही देता येतं. प्रेक्षकाचा क्रमांक आणि लागणारी आकडेवारी असलेलं छोटं स्ट्रक्चर तिथे द्या. कॉलबॅकमध्ये ना पीअर, ना पॅरेंट, ना लॉक. दर बफरमागे तीन लॉक घेणंही वाचतं.

त्या स्ट्रक्चरमध्ये बिनचा पक्का रेफरन्स ठेवताना विचार करा. इथे पॅड टीचं आहे, म्हणून निव्वळ वर्तुळ होत नाही, पण प्रोब काढला नाही तर बिन सुटणार नाही. पॅड बिनच्या आतलं असतं तर बिन पॅडला, पॅड प्रोबला आणि प्रोब बिनला धरून बसला असता. बिन लागणारच असेल तर जी_वीकरेफ ठेवा. त्याच्या गेटमधून एकतर पक्का रेफरन्स मिळतो नाहीतर नल, आणि ते दुसऱ्या थ्रेडवरूनही सुरक्षित आहे. ‘वीक पॉइंटर’ नावाची जुनी सोय थ्रेडच्या बाबतीत सुरक्षित नाही, ती इथे नको. पायथनमध्ये लॅम्डाने आणि रस्टमध्ये क्लोजरने पाइपलाइन पकडून ठेवल्यामुळे होणारं वर्तुळ हेच. रस्टमध्ये त्यासाठी डाउनग्रेड आणि अपग्रेड आहेत.

चढणं टाळता येत नाही अशाही जागा आहेत. डीकोडबिनसारखी बिन आत स्वतःच एलिमेंट जोडते, तेव्हा आधीपासून काही देऊन ठेवता येत नाही. तिथेही सर्वत्र शोधत फिरण्यापेक्षा बाहेरच्या बिनचा ‘डीप-एलिमेंट-अ‍ॅडेड’ सिग्नल पकडा. कितीही खोल एलिमेंट आला तरी तो तुमच्यापर्यंत येतो, सोबत तो ज्या बिनमध्ये गेला तीही येते. हा सिग्नलही १.१० पासूनचा आहे. आलेला एलिमेंट कोणत्या प्रकारचा आहे हे त्याच्या नावावरून न ठरवता फॅक्टरीच्या नावावरून ठरवा. आणि तुम्ही स्वतः एलिमेंट लिहीत असाल तर १.० पासून चेन, इव्हेंट आणि क्वेरी फंक्शनांना पॅरेंट आर्ग्युमेंट म्हणून मिळतो. जुन्या ०.१० च्या कोडमधून आलेलं पॅडवरून पॅरेंट काढण्याचं काम तिथे गाळून टाका, आणि त्या आर्ग्युमेंटवर अनरेफ करू नका.

कोड लिहिताना प्रत्येक पायरीला वेगळा व्हेरिएबल द्या. जीसीसी किंवा क्लँग असेल तर जी_ऑटोपीटीआर वापरा, म्हणजे मधल्याच रिटर्नवरून बाहेर पडलात तरी रेफरन्स सुटतो. लीक सर्वाधिक होतात ते याच नल तपासून परतणाऱ्या ओळींवर.

दुरुस्ती झाली का, हे बघण्यासाठी प्रेक्षक जोडा-काढा करणारी फेरी काही हजार वेळा चालवा, एकदा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन) लावून आणि एकदा जीस्ट्रीमरचा लीक्स ट्रेसर लावून. ट्रेसरसाठी एन्व्हायर्नमेंटमध्ये जीएसटी_ट्रेसर्सला लीक्स आणि जीएसटी_डीबगला जीएसटी_ट्रेसरची ७ पातळी द्यायची. तो न सुटलेल्या ऑब्जेक्टांची यादी एरवी डीइनिट बोलावल्यावर छापतो, म्हणून प्रोग्रॅमच्या शेवटी डीइनिट हवंच. यादीत एकटंच पॅड दिसलं तर बहुधा गेट_पीअर किंवा गेट_स्टॅटिक_पॅडचं अनरेफ राहिलंय. बिन आणि तिच्यातलं सगळं कुटुंब दिसलं तर बिनवरचाच एक रेफरन्स सुटायचा राहिलाय, आतल्यांकडे बघत बसू नका. जी_डीबगला फेटल-क्रिटिकल्स दिलं की पहिल्याच क्रिटिकल इशाऱ्यावर प्रोग्रॅम थांबतो आणि बॅकट्रेसमध्ये ती जास्तीची अनरेफची ओळ सापडते. रचनेबद्दल शंका असेल तर पाइपलाइनची डॉट फाइल (रचनेचं चित्र) काढा. तिच्यात घोस्ट पॅडच्या आतली प्रॉक्सी पॅड्सही दिसतात, आणि टीच्या पॅडचा पीअर नक्की कोण हे अंदाज न करता बघता येतं.